नानांची बॉक्स रूम

पार्सल आलं तेव्हा शुभा लॅबमध्ये होती. २००६चा सप्टेंबर, बुधवारची दुपार. माझी मुलगी अनया शाळेतून आली, टपालपेटीतलं सगळं उचलून आत आणलं आणि आईच्या नावाचं पाकीट न विचारता फोडलं. एरवी मी ओरडलो असतो. पण पाकिटातून जी सीडी निघाली, तिच्यावर माझ्या बायकोचा फोटो होता.

फोटोतली शुभा एकवीस वर्षांची. केस मुलासारखे कापलेले, अंगात दोन माप मोठा पुरुषी कोट. शेजारी एक उंच, हडकुळा गोरा मुलगा. दोघंही कॅमेऱ्याकडे न बघता दोन वेगळ्या दिशांना बघत होती. वर ठळक अक्षरांत नाव होतं, ‘बॉक्स रूम’.

"ओ माय गॉड! बाबा, धिस इज मॉम?"

"हो, मॉमच आहे."

"शी वॉज कूल?" अनयाच्या आवाजात इतकं आश्चर्य होतं की मला हसू आलं.

मला हे सगळं माहीत होतं असं म्हणता येईल, आणि नव्हतं असंही. शुभा मूळची नागपूरची. वडील डॉक्टर. ती सात वर्षांची असताना ते कुटुंब घेऊन इंग्लंडला गेले, यॉर्कशायरमधल्या हडर्सफील्ड नावाच्या गावी. तिथे कॉलेजात असताना शुभा एका मुलाबरोबर बँडमध्ये गायची. ८५ साली ही मंडळी अमेरिकेत ओहायोला आली, मी तिथे शिकायला होतो, आमचं लग्न झालं. बँडबद्दल मी एकदोनदा विचारलं होतं. "होतं रे काहीतरी. मोडलं मग," एवढंच ती म्हणायची. ज्या सुरात म्हणायची, त्या सुरात पुढे विचारता येत नसे.

मधल्या काळात इंटरनेटवरच्या तरुण पोरांना त्या जुन्या गाण्यांचा शोध लागला होता. कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कंपनीने त्यांची एकुलती एक रेकॉर्ड सीडीवर काढायचं ठरवलं आणि परवानगीसाठी शुभाला पत्र पाठवलं. तिने सही करून दिली आणि आम्हाला काही सांगितलं नाही.

माझे सासरे, डॉ. मनोहर घटाटे, तीन वर्षांपासून आमच्याकडे सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला राहायला होते. त्यांना सगळे नाना म्हणतात. सासूबाई गेल्यावर शुभा स्वतः ओहायोला जाऊन त्यांना घेऊन आली. वय सत्त्याहत्तर, कानात यंत्र, आणि महिन्याभरापूर्वीच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. झोपून उठून ते चहाला टेबलाशी आले, सीडी हातात घेतली, डोळ्यांपासून लांब धरली.

"हा कीथ," ते म्हणाले. मग डबी उलटी करून पाहिली. "आत काही लिहिलंय का?"

आत बारा पानांची पुस्तिका होती. अनया वाचू लागली आणि मी चहा ओतता ओतता ऐकू लागलो. दोन शाळासोबती. सेकंडहँड सिंथेसायझर आणि एक ड्रम मशीन. गिरण्यांच्या गावातल्या साध्या गोष्टींवरची गाणी, स्टोव्हच्या तेलावर, भिजलेल्या लोकरीच्या वासावर. मुलीचा आवाज सरळ, कसलाही कंप नसलेला, जणू ती बसचं टाइमटेबल वाचून दाखवतेय. आणि तरी ऐकणारा हातातलं काम सोडून ऐकत राहायचा. ‘वेट वूल’ हे गाणं ८२ साली रेडिओवर लागलं, लोकप्रिय गाण्यांच्या यादीत एकतिसाव्या क्रमांकापर्यंत चढलं. टीव्हीवर एकदा बोलावणं आलं. नाना हे ऐकताना मान डोलावत होते.

मग अनयाने पुढचं पान उलटलं आणि त्याच उत्साहात वाचून टाकलं. हा प्रवास ऐन भरात थांबला. ८३ साली अमेरिकेचा चाळीस दिवसांचा दौरा ठरला होता, पण शुभाच्या वडिलांनी, एका कडक, कर्मठ हिंदू डॉक्टरांनी, मुलीला स्टेजवर जायची बंदी केली. कीथने दुसरी गायिका घेऊन एक गाणं काढलं, ते चाललं नाही, आणि बॉक्स रूम संपली.

अनया थांबली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे. "आजोबा... डिड यू?"

नानांनी कप बशीत ठेवला. "कडकनंतर मला काय म्हटलंय तिथे?"

"ऑर्थोडॉक्स."

"ऑर्थोडॉक्स," नाना म्हणाले. दर रविवारी दोन अंड्यांचं ऑम्लेट खाणारा, देवघरासमोर मी कधी उभा न पाहिलेला माणूस. त्यांनी पुस्तिका मागून घेतली, नीट घडी घातली, सीडीच्या डबीत सरकवली. "आपण हे वाचलं, असं तिला सांगायचं नाही. दोघांनीही."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून लवकर आलो तर नाना बूट घालून तयार. नदीकाठच्या रस्त्याने आम्ही कधीकधी फिरायला जात असू. वाटेत ते म्हणाले, "गिरीशराव, बॉक्स रूम म्हणजे काय ठाऊक आहे?"

"नाही."

"तिकडच्या घरांमध्ये जिन्यावर एक खोली असते. एक खाट कशीबशी मावेल एवढी. ट्रंका ठेवायची. आमच्या घरातली ती खोली मी रिकामी करून दिली या दोघांना. सगळ्या ट्रंका मी स्वतः माळ्यावर चढवल्या. भिंतींना जुन्या रजया ठोकल्या, शेजारचे तक्रार करायचे म्हणून. त्यावरून ते नाव पडलं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"पहिला कार्यक्रम ब्रॅडफर्डला होता. कीथकडे गाडी नव्हती. मी सोडलं त्यांना. तो सिंथेसायझर मागच्या सीटवर, शुभा पुढे, आणि कीथ त्या वाद्याच्या खाली आडवा." ते हसले. "मी मागे उभा राहून ऐकलं. मला काही कळलं नाही त्यातलं. पण चांगलं वाटलं."

"मग बंदी?"

"कसली बंदी? शुभा एक दिवस घरी आली आणि म्हणाली, नाना, त्यांना दुसरी मुलगी हवीय. गोरी. मी एका शब्दाने विचारलं नाही. त्या वर्षी मला स्वतःला तीन ठिकाणी नाकारलं होतं. वरची जागा रिकामी, मी पात्र, आणि घेतलं माझ्या हाताखालच्या पोराला. मला वाटलं, हिचंही तेच झालं. लगेच पटलं मला." ते एका बाकावर बसले. "बाजारात कीथ समोरून येताना दिसला, तर मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. खरं तर त्याने हात वर केला होता, अर्धवट."

आता माझ्या डोक्यात सगळं जुळलं. शुभाने कीथला सांगितलं, वडील नको म्हणतात. वडिलांना सांगितलं, कीथ नको म्हणतो. आणि दोघांनीही विश्वास ठेवला, कारण इंग्रजांना कडक हिंदू बाप पटण्यासारखा होता आणि नानांना गोरी मुलगी निवडणारा इंग्रज.

"तिला विचारायचं का?" मी म्हटलं.

"नको. तेवीस वर्षं तिने हे सांभाळलंय. उगीच कुणी एवढा काळ असलं काही धरून ठेवत नाही."

शनिवारी रात्रीच्या जेवणाला शुभाने स्वतःहून विषय काढला. पुस्तिकेबद्दल नव्हे. कीथ अमेरिकेत येतोय, म्हणाली. सॅन फ्रान्सिस्को, पोर्टलंड, सिअ‍ॅटल, छोट्या क्लबांमध्ये एकटाच जुनी गाणी वाजवणार. त्याचा ईमेल आलाय, भेटायचं म्हणतोय. "मी विचार करतेय, आपण दोघं त्याला बाहेरच कुठेतरी जेवायला नेऊ. नानांना कशाला त्रास?"

"त्रास कसला?" नाना म्हणाले. "घरी बोलव. वडाभात कर. आवडायचा त्याला."

शुभाचा हात भाताच्या भांड्यावर तसाच राहिला. तिच्या चेहऱ्यावर जी भीती दिसली, ती मी याआधी एकदाच पाहिली होती, अनयाच्या वेळी बाळंतपणाच्या खोलीत. माझ्या बायकोला मी घाबरट म्हणणार नाही. ती लॅबमध्ये वीस माणसं सांभाळते, चारशे-पाच हायवेवर माझ्यापेक्षा वेगाने गाडी चालवते. पण त्या आठवड्यात तिने दोनदा जेवण कॅन्सल करायची कारणं शोधली आणि दोन्ही वेळा नानांनी ती हळूच मोडून काढली.

पुढच्या रविवारी बाराला कीथ आला. फोटोतल्या मुलाच्या डोक्यावर आता एक केस नव्हता. उंची मात्र तेवढीच, दारातून येताना खांदे वाकवायची सवय लागलेली. हातात चहाच्या पाकिटांचा मोठा डबा, तिकडून आणलेला. शुभाला त्याने मिठी मारली. मग तो नानांकडे वळला आणि ताठ झाला.

"डॉक्टर घटाटे."

"ये, कीथ. बस."

जेवताना बोलणं इंग्रजीतच चाललं होतं आणि ते अनयामुळे चाललं होतं. तिला सगळं हवं होतं. ड्रम मशीन कोणतं, टीव्हीवर खरं गायलात का नुसते ओठ हलवलेत, मॉमचे केस कुणी कापले. कीथ शाळेत संगीत शिकवतो, मुलांना उत्तरं द्यायची त्याला सवय होती. केस त्यानेच कापले होते, त्याच्या आईच्या शिवणकामाच्या कात्रीने. शुभा हसत होती, पण तिने वडा नुसता कुस्करला होता, तोंडात घातला नव्हता.

कीथने दुसऱ्यांदा भात घेतला, वरून फोडणीचं तेल घेतलं. मग चमचा खाली ठेवून म्हणाला, "डॉक्टर, मी ठरवून आलो होतो की हा विषय काढायचा नाही. पण या टेबलावर बसल्यावर राहवत नाही. तुम्ही आम्हाला खोली दिली होती. गाडीतून नेलं होतं. मग पुढे काय झालं? मला खूप वर्षं कळलं नाही, मी काय चुकलो."

शुभाचा रंग उतरला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण नाना माझ्या आधी बोलले. सावकाश, एकेक इंग्रजी शब्द नीट लावून.

"तू काही चुकला नाहीस. मीच तिला जाऊ दिलं नाही. खोलीत गाणं वेगळं आणि चाळीस दिवस परक्या देशात फिरणं वेगळं, असं मला तेव्हा वाटलं. मी भ्यालो. चूक झाली माझी. तुझी क्षमा मागतो."

अनयाने चमकून आजोबांकडे पाहिलं. मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. कीथने मान खाली घातली. त्याचे डोळे भरून आले होते. एवढ्या वर्षांनी त्याला जे ऐकायचं होतं, ते त्याला मिळालं होतं. तिथेच सगळं मिटलं असतं. नानांनी तर मिटवलंच होतं.

"नाना, नको," शुभा मराठीत म्हणाली.

"तू भात वाढ त्याला."

"नको ना, नाना." तिने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं आणि कीथकडे वळून इंग्रजीत बोलली. "त्यांनी कधीच नाही म्हटलं नव्हतं. मी त्यांना विचारलंच नव्हतं, कीथ. ते खोटं बोलतायत. आणि तेव्हा मी खोटं बोलले होते. दोघांशीही."

तिने पाण्याचा पेला जवळ ओढला.

"मँचेस्टर आठवतं? फेब्रुवारीत?"

"माईक बंद पडला होता," कीथ म्हणाला.

"माईक चालू होता. मी बंद पडले होते. दुसरं कडवं आलं आणि डोक्यात एक शब्द नाही. मी तोंड उघडून उभी होते आणि समोर सहाशे माणसं. तू वाजवत राहिलास. नंतर सगळ्यांना सांगितलंस, माईक गेला. मी म्हटलं, हो, माईकच गेला. त्याआधीसुद्धा प्रत्येक कार्यक्रमाला मला उलट्या व्हायच्या. प्रत्येक. आणि मग तू घरी आलास, नाचतच आलास, चाळीस दिवस अमेरिका म्हणून. मला तुला सांगता येईना. तू इतका खूश होतास." ती थांबली. "नाना नको म्हणतात, एवढं बोलले. मला वाटलं, तू भांडशील, घरी येशील, आणि मग मला खरं सांगावं लागेल. पण कुणी एक प्रश्न विचारला नाही. तू नाही, कंपनीने नाही."

मग ती नानांकडे वळली, पण तिच्याने त्यांच्याकडे बघवेना. "आणि तुम्हाला सांगितलं, त्यांना गोरी मुलगी हवीय. तुम्हीसुद्धा विचारलं नाहीत."

कीथ नानांना म्हणाला, "म्हणून तुम्ही बाजारात रस्ता ओलांडलात?"

"मला वाटलं, तू तिला काढलंस."

"माझी मावशी तुमच्याच गल्लीत राहायची. तुम्ही भेटाल म्हणून मी तिच्याकडे जाणं सोडून दिलं." कीथ खुर्ची सरकवून उठला. "मला जरा हवा खाऊ द्या," म्हणाला आणि मागच्या डेकवर गेला.

मी थोड्या वेळाने त्याच्यामागे गेलो. तो कठड्याला धरून उभा होता. तसं पाहिलं तर या सगळ्याशी माझा काही संबंध नव्हता.

"मी शुभावर चिडलेलो नाही," तोच म्हणाला. "म्हणजे, आहे. पण ते जाईल. मला लाज वाटतेय ती वेगळीच. ती गोष्ट मी प्रत्येक मुलाखतीत सांगितली. कडक बाप, हुशार मुलगी. लोक हळहळायचे. पुढचं गाणं पडलं, ते माझं एकट्याचं होतं, वाईट होतं. पण त्याबद्दल कुणी विचारत नसे, कारण ही गोष्ट तिथे आधीच असायची. मला ती आवडायची, गिरीश. त्या माणसाने मला शंभरदा जेवायला घातलंय आणि मी त्याला त्या पुस्तिकेत राक्षस करून ठेवलं."

"त्यांनी वाचलंय ते," मी म्हटलं.

तो माझ्याकडे वळला. "कधी?"

"गेल्या आठवड्यात. अनयाने वाचून दाखवलं."

"आणि तरी त्यांनी ते स्वतःवर घेतलं?"

मी मान हलवली. तो आत गेला नाही, बराच वेळ. गेला तेव्हा सरळ नानांच्या खुर्चीपाशी गेला, त्या उंचीने गुडघ्यावर बसला आणि त्यांचा हात हातात घेतला. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. यंत्र असूनही बहुधा नानांनाही आलं नसावं. पण नाना त्याच्या टकलावरून हात फिरवत होते, अनया लहान असताना तिच्या डोक्यावरून फिरवायचे तसाच.

कीथ निघताना शुभा त्याला गाडीपर्यंत सोडायला गेली. परत आली ती सरळ स्वयंपाकघरात, भांडी विसळायला लागली. नाना तिच्यामागे गेले आणि तिथल्या स्टुलावर बसले. मी डायनिंग टेबल पुसत होतो, तेवढं लांबून सगळं ऐकू येत होतं.

"तुम्ही कशाला घेतलंत स्वतःवर?"

"या वयात मला कोण काय करणार आहे?"

"नाना, माझ्यामुळे तुम्ही इंग्लंड सोडलंत ना? आई म्हणायची, शुभीला काढलं आणि यांचं त्या देशावरून मन उडालं. दर वेळी ती ते म्हणायची आणि मी ऐकून घ्यायचे. तुमचं घर, मित्र, ती बाग. सगळं माझ्या एका वाक्याने गेलं."

मला वाटलं, आता ते हो म्हणतील, कारण मला ते खरंच असावं असं वाटत होतं.

"ओहायोला उन्हाळा असतो," ते म्हणाले. "तिकडे नव्हता. तुझ्या आईचे गुडघे दुखायचे. माणूस एका कारणाने देश सोडत नाही, शुभी."

"खरं सांगा."

"खरंच सांगतोय. थोडंसं तेही होतं. पण थोडंसंच." मग जरा वेळाने, "तुला उलट्या व्हायच्या, हे मला कळायला हवं होतं. डॉक्टर होतो मी. पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसायचीस आणि सगळा वेळ काच खाली करून. मला वाटायचं, तुला वारा आवडतो."

शुभाने नळ बंद केला. ती रडत होती आणि ओल्या हातांनी डोळे पुसता येत नव्हते, म्हणून नानांनी आपल्या सदऱ्याच्या बाहीने पुसले.

मंगळवारी संध्याकाळी सिअ‍ॅटलमध्ये कीथचा कार्यक्रम होता. सोमवारी त्याने फोन केला. चार वाजता साउंड चेक आहे, म्हणाला, म्हणजे वाद्यं लावून आवाज तपासायचा असतो. हॉल रिकामा असतो. येशील का? गायला नको, नुसती ये.

शुभाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अनयाने शाळेतून लवकर निघायची चिठ्ठी माझ्याकडून लिहून घेतली. नानांनी टाय लावला. चौघं निघालो. पुलावर ट्रॅफिक होता आणि शुभाने सगळा वेळ काच खाली केली होती. यावेळी नानांनी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

हॉल म्हणजे एक लांबट काळी खोली होती. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, फरशीला शिळ्या बिअरचा वास. नाकात रिंग घातलेली एक तरुण मुलगी मागे आवाजाची बटणं फिरवत होती. कीथने स्टेजवर कीबोर्ड मांडला होता. एक माईक त्याच्यापुढे आणि एक, नुसताच, शेजारी.

नानांसाठी मी एक खुर्ची उतरवली. त्यांनी ती अगदी पुढे घ्यायला लावली. शुभा स्टेजच्या पायरीपर्यंत गेली, थांबली आणि एकदम वळून बाथरूमकडे धावली. मी उठू लागलो, तर नाना म्हणाले, "जाऊ द्या. येईल ती."

पाच-सात मिनिटांनी आली. तोंड धुतलेलं, पुढचे केस ओले.

"उलटी झाली," तिने कीथला सांगितलं.

"मोठी?"

"बऱ्यापैकी."

"मला वाटायचं, तू केस नीट करायला जातेस," कीथ म्हणाला. "इतका वेळ लागायचा म्हणून मी चिडायचो तुझ्यावर." त्याने पाण्याची बाटली उघडून तिला दिली. "माझ्याकडे बघून म्हणायचं. समोर कुणी नाही. डॉक्टर आहेत फक्त."

"अँड मी!" अनया ओरडली.

ड्रम मशीनचा ठोका सुरू झाला. टक, टक, टक, साधा, घड्याळासारखा. मग कीथचे सूर. आणि मग माझी बायको गायला लागली. सतरा वर्षं मी तिच्याबरोबर राहतोय. स्वयंपाक करताना ती गुणगुणते, गणपतीत आरती म्हणते. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. सीडीवरचा नव्हता तो, त्याहून खालचा, थोडा खरखरीत. पण तसाच सरळ, काही लपवत नाही असा. भिजलेला कोट हीटरवर वाळत घातलाय आणि खोलीभर त्याचा वास पसरलाय, एवढंच होतं त्या गाण्यात. मागची मुलगी बटणं फिरवायची थांबली होती.

दुसऱ्या कडव्याला शुभा थांबली.

कीथचे हात कीबोर्डवर चालूच होते.

"विसरले," ती माईकमध्ये म्हणाली. स्वच्छ, सगळ्या हॉलभर.

कीथने न थांबता तिला ओळ सांगितली. तिने ती उचलली आणि पुढे गेली. शेवटपर्यंत.

नाना कानातलं यंत्र सारखं मागेपुढे करत होते. गाणं संपल्यावर त्यांनी अनयाला विचारलं, "काय म्हणत होती?"

"समथिंग अबाउट अ कोट, आजोबा."

"हं," नाना म्हणाले. "तिकडे कोट वाळायचेच नाहीत."

कीथ स्टेजच्या कडेला पाय सोडून बसला. कंपनीला कालच पत्र लिहिलंय, म्हणाला, पुढच्या छपाईत ते पान बदलणार. शुभा म्हणाली, ते पान मी लिहीन. संध्याकाळी स्टेजवर येशील का, त्याने विचारलं. तिने अजिबात वेळ न घेता नाही म्हटलं. का, त्याने विचारलं. "मी खाली बसेन, नानांजवळ. मला घाबरायचा कंटाळा आलाय." तिने हे हसत म्हटलं, आणि कीथनेही मान डोलावली. त्याला वाईट वाटलं असेल. पण त्याने यावेळी कारण विचारून घेतलं होतं.

मग नाना आणि कीथमध्ये वाद सुरू झाला. ब्रॅडफर्डहून परत येताना तिघं कोणत्या रस्त्याने आले होते, टेकडीवरून की खालून. नाना म्हणत होते खालून, कीथ म्हणत होता टेकडीवरून, कारण सिंथेसायझर प्रत्येक वळणावर त्याच्या छातीवर आपटत होता आणि खालचा रस्ता सरळ आहे. नानांनी टेबलावरची काडेपेटी आणि मिठाची बाटली घेऊन नकाशा मांडला.

शुभा ते ऐकत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने माझा हात धरला.

"मॉम," अनया म्हणाली, "डू अनदर वन. प्लीज."

मागच्या मुलीने घड्याळ बघून बोटं वर केली, अजून वीस मिनिटं आहेत. शुभाने कीथकडे पाहिलं. तो नकाशात गुंतला होता. तिने माझा हात सोडला, दोन पायऱ्या चढली आणि कीबोर्डवर एकच पट्टी दाबून त्याला हाक मारली.